विषयाची ओळ

गेल्या महिन्यात गॅस एजन्सीचं एक पत्र आलं. वर विषय लिहिला होता : 'मयत ग्राहक वसंत जाधव यांच्या नावे असलेल्या जोडणीबाबत.' ते पत्र हातात घेऊन मी पडवीत बसले, ती दिवे लागेपर्यंत उठले नाही. पत्रात चूक काही नव्हतं. माझे पती वारले त्याला आता वर्ष होईल. पण ज्यांनी जन्मभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं, ज्यांना माशांत फक्त मुडदुशा आवडायच्या, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्या मुलाला जे घरी बोलावून चहा पाजायचे आणि मग हळूच समज द्यायचे, त्या माणसाचं सगळं गळून एकच शब्द नावापुढे येऊन बसला होता. तो शब्द लिहिणाऱ्या कारकुनावर मला रागावताही येईना. तशाच ओळी लिहिण्यात माझी नोकरी गेली आहे.

मी एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. शेवटची चौदा वर्षं माझ्याकडे परदेशी नागरिकांचं टेबल होतं. या अंकाच्या संपादकांनी 'परदेशी पाहुण्यांचे गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं. गमती होत्या. त्या सांगते. पण त्यांच्या मागे दुसरंच काही तरी येऊन उभं राहतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही.

रत्नागिरीत कसले परदेशी, असं लोक विचारायचे. माझं काम असं होतं : गणपतीपुळ्याच्या हॉटेलात परदेशी माणूस उतरला की हॉटेलवाल्याने चोवीस तासांत एक फॉर्म भरून आमच्याकडे द्यायचा. कोण, कुठून आला, पासपोर्ट, व्हिसा, पुढे कुठे जाणार. जो जास्त दिवस राहणार त्याची नोंदणी. ज्याची मुदत संपली त्याला मुदतवाढ, किंवा परत जाण्याची नोटीस. आणि ज्याच्याकडे कागदच नाहीत, त्याला देशाबाहेर पाठवण्याची कागदपत्रं. हे शेवटचं काम वर्षानुवर्षं येत नसे. त्याचे छापील नमुने कपाटात सर्वांत खाली होते आणि त्यांना कसर लागली होती.

एक म्हातारा डच गृहस्थ दर वर्षी फेब्रुवारीत यायचा. त्याचा व्हिसा एप्रिलच्या सुरुवातीला संपायचा. एकदा त्याने मुदतवाढीच्या अर्जात कारण लिहिलं : 'आंबा अजून तयार नाही.' आमचे माने साहेब सातारकडचे, कडक, पण नियमाबाहेर कोणावर डूख न धरणारे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि शेरा मारला : 'आंबा हे सबळ कारण नाही.' मी तो शेरा इंग्रजीत करून म्हाताऱ्याला दिला. त्याने त्याची प्रत मागून घेतली. म्हणाला, चौकट करून भिंतीवर लावणार. पुढल्या वर्षी तो एक महिना उशिरा आला.

दुसरी गमत खतीजाबींची. त्या इथल्याच राजिवड्याच्या. लग्न होऊन कराचीला गेल्या, नवरा वारला, मुलं विखुरली, आणि म्हातारपणी भावाकडे परत आल्या त्या पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन. त्यांची मुदतवाढ दर वर्षी माझ्याच टेबलावरून व्हायची. बुरख्याच्या आत त्या वाळवलेल्या कोळंबीची पुडी लपवून आणायच्या. मी घ्यायची नाही, आणि त्या ती शिपायाच्या स्टुलावर विसरून जायच्या. फाइल उघडली की बोट ठेवून विचारायच्या, "हय काय लिवलंस गो बाय?"

मी वाचून दाखवायची : 'विषय : पाकिस्तानी नागरिक श्रीमती खतीजाबी यांच्या वास्तव्याबाबत.'

"माजा बापूस हितला, माजी नाळ हितं पुरलेली. नि गेल्या साली पण ह्योच विषय, औंदा पण ह्योच. कवा बदलतलस?"

"विषय बदलत नाही चाची. विषय बदलला तर जुनं पत्र सापडणार नाही."

"मंग माज्या कबरीवर पन ह्योच लिव," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

बाहेरच्या माणसाला ही रीत माहीत नसते, म्हणून सांगते. फाइल उघडताना पहिल्या पत्राला जी विषयाची ओळ पडते, तीच शेवटपर्यंत चालते. वर जाणाऱ्या पत्रावर तीच, खाली येणाऱ्या उत्तरावर तीच, स्मरणपत्रावर तीच. मजकूर कोणी पुरा वाचत नाही. साहेब वाचतात ती विषयाची ओळ. मुंबईचा कक्ष अधिकारी वाचतो तीही तीच. माणूस मोठा होतो, निर्दोष ठरतो, म्हातारा होतो, पण ओळ तशीच राहते. नव्या लिपिकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायची, की विषय बदलायचा नाही. आणि हे शिकवताना मला थोडा अभिमानही वाटायचा. आमच्या कार्यालयात कधी कागद हरवला नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की वसंत मला घ्यायला यायचे आणि आम्ही ब्रह्मदेशच्या राजाच्या वाड्याकडे फिरायला जायचो. त्या राजाला इंग्रजांनी राज्य काढून घेऊन इथे आणून ठेवलं होतं. म्हणतात, तो दुर्बीण लावून समुद्राकडे पाहत बसायचा. तिथून समोर दिसतो तो अरबी समुद्र, त्याचा देश बरोबर उलट्या बाजूला. वसंत म्हणायचे, "तुझ्या टेबलावरचा हा सर्वांत जुना प्रलंबित अर्ज." खालच्या खाडीवर धुकं यायचं, भाट्याचा पूल अर्धा दिसेनासा व्हायचा, आणि दिशा कुठली कुठे असं क्षणभर वाटायचं. त्या वाटण्याची मला नंतर वारंवार आठवण झाली.

नूर आला तो त्याच ब्रह्मदेशाहून. त्याचं खरं नाव वेगळं आहे.

मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवरून पोलिसांनी त्याला उतरवला होता. समुद्रातून मुंबईवर हल्ला झाल्यापासून किनाऱ्यावर प्रत्येक खलाशाला ओळखपत्र लागतं. पण बंदरावरची एक जुनी सवय त्यानंतरही गेली नव्हती. एखादा खलाशी तापाने पडला की त्याच्या जागी बदली माणूस त्याच्याच कार्डावर जायचा. बोटीला माणसं हवीत, भरती कोणासाठी थांबत नाही. नूर असाच एका नेपाळी खलाशाच्या कार्डावर गेला होता. तपासणीत चेहरा जुळला नाही. त्याच्याकडे कोणत्याच देशाचा कागद नव्हता. आणि मोबाइलमध्ये एक नंबर निघाला, तो ज्याचा होता तो माणूस दुसऱ्या राज्यात बंदी घातलेल्या संघटनेच्या गुन्ह्यात पकडलेला होता.

मला फोन आला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडा होता. पलीकडचा आवाज घाईत होता. संशयित दहशतवादी सापडला आहे, ताबडतोब वर कळवा. मी हात धुतले, नवी फाइल घेतली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'विषय : संशयित दहशतवादी, ब्रह्मदेशी नागरिक नूर याच्याबाबत.' पाच मिनिटांत पत्र रवाना झालं. साहेबांनी शाबासकी दिली.

पुढे तपास झाला, आणि तो नीट झाला असं मी म्हणेन. तो नंबर ज्याचा होता त्याने नूरला आणि इतर पुष्कळांना सीमेवरून रस्ता दाखवून आत आणलं होतं. दुसरा संबंध सापडला नाही. दहशतवादाचं कलम लागलंच नाही. विनापरवाना देशात राहिल्याबद्दल आणि दुसऱ्याचं कार्ड वापरल्याबद्दल शिक्षा झाली, ती त्याने भोगली. तो सुटला, म्हणजे आमच्या टेबलावर आला. कारण कायद्याप्रमाणे आता त्याला देशाबाहेर घालवायचं होतं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा असेल. बोटं जाळं विणणाऱ्याची, खुर्चीत बसला तरी बोटं हलत राहायची. हिंदी कामापुरती यायची. माझ्या टेबलावर वीतभर उंचीची एक बुद्धमूर्ती होती. वडिलांच्या पिढीने दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात बुद्ध आणि संविधानाचं पुस्तक एकाच फळीवर असतं. टेबलावरची मूर्ती वसंतांनी कुठल्याशा शिबिराहून आणली होती. फाइल उघडण्याआधी क्षणभर तिच्याकडे पाहायची मला सवय होती. मी प्रश्न विचारत होते आणि नूर उत्तर देत नव्हता. तो त्या मूर्तीकडे पाहत होता आणि त्याची बोटं थांबली होती.

त्या दिवशी खतीजाबी मुदतवाढीसाठी बाकावर बसलेल्या होत्या. कराचीला त्यांच्या वस्तीजवळ असेच ब्रह्मदेशातून पळून आलेले लोक राहायचे, त्यांची बोली खतीजाबींच्या कानावरची होती. त्या उठून आल्या, त्याच्याशी उर्दूत आणि आणखी कशात तरी हळू आवाजात बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"बाय, तो तुका भियत नाय. त्या देवाक भियता. त्येच्या गावावर चालून जे आयले ते देवळाच्या बाजून आयले म्हनता. तवा असोच डोळे मिटलेलो मोटो देव मागं होतो."

ज्या मूर्तीकडे पाहून मला शांत वाटायचं, तिच्याकडे पाहून या माणसाला काय आठवत होतं ते मी फक्त त्याच्या बोटांवरून पाहिलं. मी मूर्ती उचलून खणात ठेवली. तेवढ्यात माने साहेब दारात आले. त्यांनी खतीजाबींकडे पाहिलं, नूरकडे पाहिलं.

"आवो जाधव बाई, ब्रह्मदेशच्या संशयिताला पाकिस्तानी दुभाषी? मला घरी बसवायचा विचार आहे का तुमचा?"

"त्या आपल्या कामाला आल्यात साहेब. सहज बोलल्या."

"सहज बोलूनच नोकऱ्या जातात," म्हणत ते आत गेले. पण खतीजाबींना त्यांनी उठवलं नाही.

माणसाला बाहेर पाठवायचं तर त्याचा देश कुठला हे त्या देशाने मान्य करावं लागतं. त्यासाठी एक फॉर्म असतो. गाव, गावाजवळची खूण, आईचं नाव, वडिलांचं नाव, सध्या तिथे कोण राहतं. आमच्याकडून मुंबई, मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून त्या देशाचा दूतावास. नूरने चार दिवस गावाचं नाव सांगितलं नाही. "मुझे जेल में वापस रख दो, दीदी," एवढंच म्हणायचा. माझी ख्याती अशी होती की माझ्याशी माणसं बोलतात. पाचव्या दिवशी मी फॉर्म बाजूला सारला, चहा मागवला आणि त्याला विचारलं, तुमच्याकडे मासे कसे वाळवतात?

तो बोलायला लागला. बांबूच्या मांडवांवर. खाडी आहे, भरतीचं पाणी अंगणाच्या कुडापर्यंत येतं. सुपारीची झाडं. तांदूळ दोनदा. संध्याकाळी धूर खाली बसतो आणि त्यातून होड्या येतात, आधी आवाज, मग होडी. मी ऐकत राहिले. मला वाटलं तो भाट्याच्या खाडीचं वर्णन करतोय. त्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता, आणि आम्ही दोघं एकाच पाण्याच्या दोन काठांवर बसल्यासारखे होतो. बोलता बोलता त्याने गावाचं नाव घेतलं. आई तिथेच आहे, चालता येत नाही म्हणून निघाली नाही, असंही म्हणाला. तिचं नाव सांगितलं.

मी फॉर्म ओढून ती दोन नावं भरली. सुवाच्य अक्षरात. शुक्रवार होता, टपाल निघायची वेळ झाली होती. विषयाची ओळ घालून मी तो त्याच टपालात पाठवला.

घरी ऑफिसचं बोलायचं नाही हा माझा नियम होता. त्या रात्री जेवताना मी फक्त एवढंच म्हटलं, की आज एका माणसाने मला त्याचं गाव सांगितलं आणि ते अगदी आपल्यासारखं आहे.

वसंत म्हणाले, "मग सांगायला एवढे दिवस का घेतले त्याने?"

"त्याला तिथे परत जायचं नाही. भीती वाटते."

"आणि तू ते नाव कुठे पाठवलंस?"

मी सांगितलं. ते ताटातले काटे एका बाजूला काढत राहिले. मग म्हणाले, "सुलू, मी एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात लावलं तर ते हरवतं, बस. नुसतं हरवतं." आणि हात धुवायला उठले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मी जागी राहून ते पत्र मनात पुन्हा वाचलं. दूतावासात ते कोण उघडेल ते मला दिसू लागलं. तो आधी विषयाची ओळ वाचेल. संशयित दहशतवादी. आणि खाली, पान दोनवर, एका म्हातारीचं नाव आणि ती राहते ते गाव. नूरला पाठवणं पुढची गोष्ट. तो इथे असतानाच ते पत्र त्याच्या आईच्या दारात पोचू शकत होतं.

सोमवारी सकाळी मी टिपणी लिहिली. टिपणी म्हणजे साहेबांपुढे मांडायचं आपलं म्हणणं. दहशतवादाचा संशय तपासात टिकला नाही, सबब विषयाची ओळ बदलावी. शुक्रवारी पाठवलेला फॉर्म पुढे न पाठवता परत करावा, असं मुंबईला कळवावं. आणि त्याला पाठवण्याआधी तिथे त्याच्या जिवाला काय धोका आहे याचा विचार व्हावा, कारण संविधानात जीविताचं रक्षण सांगताना 'नागरिक' म्हटलेलं नाही, 'व्यक्ती' म्हटलेलं आहे.

माने साहेबांनी टिपणी वाचली, चष्मा काढला.

"बसा. तुम्ही खिडकीशी बसता बाई, मी दाराशी बसतो. या किनाऱ्यावर एकदा स्फोटकं उतरवली होती ते विसरलात? आपल्याच लोकांनी उतरवू दिली. आणि मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री माझ्या बॅचचा एक जण गेला. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो होतो गेल्या साली. त्याच्या खुर्चीवर फोटो ठेवला होता."

"हो साहेब."

"आता तुम्ही मला खात्री द्या. हा माणूस निर्दोष आहे?"

मला माहीत नव्हतं. मला तो आवडला होता, त्याची आई आवडली होती, त्याची खाडी आवडली होती. पण माणूस आवडणं म्हणजे माहीत असणं नव्हे, हे या टेबलावर मी शिकले होते.

"खात्री नाही देता येत साहेब."

"मग उद्या काही झालं तर या टिपणीखाली सही कोणाची?"

"माझी. आधीच केली आहे." मग मी म्हटलं, "साहेब, त्याला इथे मोकळा सोडा असं मी लिहिलेलं नाही. ठेवायचा तिथे कुलपात ठेवा, नजर ठेवा. पण संशय आला, तपास झाला, काही निघालं नाही, यातलं पहिलंच तेवढं विषयात आहे. ते वाचून तिकडे कोणी म्हातारीला उचललं, तर त्या कागदावर पण सही माझीच आहे."

साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. मग समासात लिहिलं : 'चर्चा करा.'

सरकारी कामात 'चर्चा करा' याचा अर्थ नाहीही नाही आणि होयही नाही. फाइल टेबलावर राहते, ती पुढे जात नाही. माझ्याकडे ती देताना ते एवढंच म्हणाले, "मी जरा रजेवर जाणार आहे. आल्यावर चर्चा करू." नऊ दिवस ते आले नाहीत. त्यांना साताऱ्याला काय काम होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्या नऊ दिवसांत मोफत विधी सेवेतून नूरला मिळालेल्या केळकर वकीलबाई उच्च न्यायालयात गेल्या. परदेशी माणसाला काढून टाकण्याचा सरकारचा अधिकार मोठा आहे, हे त्याही मान्य करत होत्या. निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाची सही नाही, वरच्या कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंना आहेत. सरकारतर्फे सुरक्षेचा अहवाल बंद लिफाफ्यात दिला गेला. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. लिफाफ्यावर विषय मात्र माझाच होता, मीच घालून दिलेला. न्यायमूर्तींनी तात्पुरता हुकूम केला : त्याला जिवाचा धोका आहे का याचा सक्षम अधिकाऱ्याने विचार करेपर्यंत त्याला पाठवू नये, तोवर त्याला स्थानबद्धता केंद्रात ठेवावं, आणि दरम्यान त्याची माहिती त्या देशाला देऊ नये.

साहेब रजेवरून आले. त्यांनी हुकूम वाचला, मग माझी टिपणी पुन्हा काढली आणि 'चर्चा करा'च्या खाली लिहिलं : 'चर्चा झाली. विषय बदलण्यास मान्यता.' आमची एक शब्दही चर्चा झाली नव्हती. नोकरीत मी विषयाची ओळ बदलली ती ही एकदाच.

मी त्याच दिवशी नव्या विषयाने मुंबईला पत्र लिहिलं, की शुक्रवारचा फॉर्म पुढे गेला असल्यास कळवावं, नसल्यास परत करावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : 'विषय : संशयित दहशतवादी, ब्रह्मदेशी नागरिक नूर याच्याबाबत. आपले पत्र मिळाले. कार्यवाही सुरू आहे.'

त्यानंतर मी पाच स्मरणपत्रं पाठवली. फॉर्म पुढे गेला की गेला नाही, हे मला कधीच कळलं नाही.

नूरला केंद्रात नेण्याच्या दिवशी सही घ्यायला माझ्याकडे आणलं. सही करून झाल्यावर तो माझ्या खणाकडे पाहत म्हणाला, "उनको बाहर निकाल लो, दीदी. अंदर अँधेरा है."

मी म्हटलं, "तुम जाओ, फिर निकालती हूँ."

"नहीं. अभी."

मी मूर्ती काढून टेबलावर ठेवली. त्याची बोटं थोडी थांबली, मग परत चालू झाली. जाता जाता दारातून त्याने विचारलं, "वो फॉर्म वापस आया?"

"आएगा," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी खतीजाबी आल्या नाहीत. त्यांच्या भावाने मृत्यूचा दाखला आणून दिला आणि फाइल बंद करण्याचं पत्र मी लिहिलं. वरची ओळ तीच होती. ती मी बदलू शकले असते. त्यांनी किती वेळा हसत हसत सांगितलं होतं. त्यांच्यासाठी मी टिपणी लिहिली नाही, कारण त्या हसत होत्या.

मग मी निवृत्त झाले, आणि मग वसंत गेले. ती बुद्धमूर्ती आता त्यांच्या वाचायच्या खुर्चीशेजारी आहे. गॅस एजन्सीला मी उत्तर लिहिलं. विषय घातला : 'श्री. वसंत जाधव, ग्रंथपाल, यांच्या नावावरील जोडणी त्यांच्या पत्नीच्या नावे करणेबाबत.' तिथल्या मुलीने तो वाचला आणि म्हणाली, "आजी, एवढं लांब नाही लिहिलं तरी चालतं." मी म्हटलं, असू दे.

केळकर वकीलबाई कधी तरी बाजारात भेटतात. तारीख पडली म्हणतात. हुकूम अजून आहे, नूर अजून केंद्रात आहे, जाळी विणतो. दर भेटीला त्याचा एकच निरोप असतो, फॉर्म परत आला का, दीदींना विचारा. वकीलबाई तो निरोप सांगतात आणि भाजी निवडू लागतात. मी उत्तर दिलेलं नाही. तो निर्दोष आहे का, हे मला आजही माहीत नाही. त्याच्या आईचं मात्र मला माहीत आहे. तिला चालता येत नव्हतं, एवढाच तिचा दोष होता.

हल्ली पहाटे मला एक खाडी दिसते. धूर खाली बसलेला असतो. बांबूच्या मांडवाखाली वसंत पुस्तक घेऊन बसलेले असतात, आणि त्यांच्या शेजारी एक म्हातारी मासे उलटत असते. दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत, पण ओळखीचे असल्यासारखे बसलेले. मग पाण्यावरून आधी आवाज येतो आणि मागून होडी. होडीतला माणूस टपालाची पिशवी घेऊन उतरतो, एक लिफाफा काढतो, वरची ओळ वाचतो आणि मला विचारतो, हे गाव कुठलं, बाई? वसंत पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे पाहतात.

स्वप्नात मी गावाचं नाव अजून एकदाही सांगितलेलं नाही.